अमावस्येची डिलिव्हरी

शोरूममधून फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे तो वाजू दिला. अनोळखी नंबर मी उचलत नाही, आणि ओळखीचासुद्धा जरा विचार करून उचलते. मग मेसेज आला : ‘मॅडम, गाडी आली आहे. डिलिव्हरी कधी घेणार? आखाजीच्या वेळा भरत आल्या आहेत.’

तो मेसेज मी आईला दाखवला. दाखवायला नको होता.

“आखाजीलाच घ्यायची,” आई म्हणाली. “साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. पंचांगसुद्धा बघायला नको.”

आई साताऱ्याकडची. लग्न होऊन जळगावला आल्यापासून तिची शेवभाजी इतकी तिखट झाली आहे की इथल्याच बायका पाणी मागतात. पण आखाजी, म्हणजेच अक्षय्य तृतीया, म्हटलं की तिला अजून सोनं, वास्तुशांत आणि हार घातलेल्या गाड्याच दिसतात. पप्पा खानदेशातले. त्यांच्यासाठी आखाजी म्हणजे आधी पितर. पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर ठेवलेलं डांगर (खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात), पुरणपोळी, आमरस, आणि गेलेल्यांची नावं घेऊन काढून ठेवलेला घास. यंदाची घागर आबांच्या नावाची होती. आबा म्हणजे माझे आजोबा. ते थंडीत गेले, आणि त्यांच्यामागची ही पहिलीच आखाजी.

“त्या दिवशी लोक भेटायला येतील,” पप्पा म्हणाले. “बायका दारात येऊन रडतील. आणि दारात काय, तर रिबीन बांधलेली गाडी?”

“सकाळी घागर, संध्याकाळी गाडी.”

“म्हणजे सकाळी रडायचं आणि संध्याकाळी पेढे वाटायचे?”

“का? रडणारे पेढे खात नाहीत? तुमच्या चुलतभावाने आबांच्या तेराव्याला, गंधमुक्तीच्या पंगतीत लाडू मागून घेतला होता. मीच वाढला.”

पप्पांचं म्हणणं एवढंच होतं की आखाजी होऊन जाऊ द्या, मग आरामात आणू. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गाडी माझ्या नावावर होती. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरात बसून करते, आणि घरात बसून काम करणाऱ्या मुलीला गाडी कशाला हवी, हा प्रश्न गल्लीने विचारून झाला होता. मी “बघते” म्हणाले. माझं बहुतेक प्रश्नांना हेच उत्तर असतं.

खरं तर मला दोन्ही नको होतं. आखाजीच्या दिवशी नको आणि नंतरही नको. मला गाडी आधी हवी होती, आणि त्याचं कारण होती अक्का.

अक्का ही पप्पांची मोठी बहीण, धुळ्याला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. कोणीतरी सासरी जाऊन त्यांना घेऊन यायचं असतं. त्या माणसाला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर बाप. अक्काचा मुराळी कायम आबाच. सकाळच्या एसटीने ते धुळ्याला जात आणि दुपारी अक्काला घेऊन परत येत. अक्काला नातवंडं झाली, तिचे गुडघे कुरकुरायला लागले, आबांना कमी दिसायला लागलं, तरी ते जायचे. शेवटी शेवटी तर कोण कोणाला घेऊन येतंय हेच कळत नसे. अक्का आधी उतरायची आणि मग आबांचा हात धरून त्यांना बसमधून खाली घ्यायची. पण घरात शिरताना आबा पुढे असत, आणि म्हणत, “घ्या, आणली तुमची पाहुणी.”

यंदा अक्काने फोन करून सांगून टाकलं होतं की ती येणार नाही.

“मुराळी कोन येई?” ती म्हणाली होती.

पप्पांचा खांदा आखडलेला, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. जुनी गाडी नवीच्या बदल्यात शोरूमला देऊन टाकलेली. पप्पांनी भाड्याची गाडी पाठवतो म्हटलं.

“भाडानी गाडीमा मी दवाखानामा जास,” अक्का म्हणाली. “माहेरले नई.”

फोन ठेवल्यावर पप्पा बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले. त्या कुंड्यांना सकाळी पाणी घालून झालं होतं. मी आतल्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. घरातलं बहुतेक सगळं मी असंच ऐकते. मला एवढं दिसत होतं की आबा नसलेल्या घरात अक्काने या आखाजीला पाऊल टाकलं नाही, तर पुढच्या आखाजीला ते आणखी जड होईल, आणि मग ती कधीच येणार नाही. पप्पा घागर एकटेच भरतील, आणि आमच्या घरातली आखाजी म्हणजे नुसता आमरस उरेल.

तिला घ्यायला मी जाणार होते. हे मी कोणाला बोलले नव्हते. आमच्याकडे एखादी गोष्ट सांगितली की तिचा कार्यक्रम होतो.

आखाजीच्या आधीची एखादी वेळ आहे का, असं मी शोरूमला विचारलं. उत्तर लगेच आलं. आदले दोन्ही दिवस भरलेले, कारण आखाजीला पितर जेवतात म्हणून निम्मा जिल्हा आदल्या दोन दिवसांतच गाड्या नेतो. ‘पण त्यांच्या आधीचा दिवस पूर्ण मोकळा आहे मॅडम. तुम्ही म्हणाल ती वेळ.’

एवढा मोकळेपणा बघून मी कॅलेंडरपाशी गेले. त्या चौकोनात काळा गोळा होता. अमावस्या.

मला मात्र तो दिवस बघता बघता आवडायला लागला. अमावस्येला गाडी घरी आणायची, रात्रभर चार्ज करायची आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याला, म्हणजे प्रतिपदेला, धुळ्याला निघायचं. शिवाय शोरूममध्ये चिटपाखरू नसणार. तिथल्या डिलिव्हऱ्या मी पाहिल्या होत्या. गाडीवरचा पडदा ओढायचा, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरायची, वरून चमचमते कागद पडतात, आणि अनोळखी माणसं टाळ्या वाजवतात. ते सगळं टळणार होतं.

घरी सांगितलं, आणि आई-पप्पांचं भांडण तिथेच मिटलं. दोघं एका बाजूला झाले.

“अमावस्या?” आई म्हणाली. “अगं, अमावस्येला लोक नवा झाडूसुद्धा आणत नाहीत!”

“इतकं काय अडलंय?” पप्पा म्हणाले.

मी “बघते” म्हणाले. तेव्हा आईने शेवटचं अस्त्र काढलं. तिने अक्काला फोन लावला, तोही स्पीकरवर, आणि मोबाइल जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला.

“अक्का, आता तुम्हीच समजवा हिला. अमावस्येला गाडी आणायची म्हणते.”

“अमावसले? कसाले एवढी घाई?” अक्काने विचारलं.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. माणसांपेक्षा मोबाइलकडे बघून बोलणं सोपं होतं.

“तुम्हाला घ्यायला यायचंय,” मी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी.”

पलीकडून धुळ्याच्या कुकरची एक शिट्टी आली.

“तू? मुराळी?”

“हो.”

“चार मानसंमा तुले बोलता येस का?”

“नाही. पण गाडी चालवता येते.”

मागे नाना हसले, अक्काचे यजमान. त्यांचं हसणं खोकल्यासारखं असतं. अक्का हसली नाही.

“पोया कव्हय ऱ्हास?” तिने विचारलं.

पोया म्हणजे पोळा. अहिराणी मला सगळी कळते. बोलायला गेले की मात्र जीभ आखडते. इंग्रजी शाळेत आम्हाला मराठीसुद्धा हळू बोलायला सांगायचे, मग अहिराणी कुठून येणार. मी उत्तर जुळवत होते, तोवर पप्पांनीच देऊन टाकलं. “अमावस्येलाच असतो पोळा.”

“मंग? बैलले अमावस चालस, तर गाडीले काब्र नई चालाव?”

“तसं लक्ष्मीपूजनही अमावस्येलाच असतं म्हणा,” पप्पा हळूच म्हणाले आणि पक्ष बदलून मोकळे झाले.

“पन मी येसूच असं म्हनेल नई,” अक्का म्हणाली. “तू ये. जेवी जाय. मंग देखसूत.” फोन बंद झाला.

अमावस्येला शोरूममध्ये आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं. बांगड्यांचे व्यापारी असावेत, कारण त्यांच्यातल्या वयस्क बाई माझ्या रिकाम्या मनगटाकडे सारख्या दुःखाने बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

“बेटा, तुम्हारे में आज के दिन चलता है क्या?”

मी आईकडे पाहिलं. आई छताकडे.

“नहीं चलता,” आई म्हणाली. “हमारी अक्का ने चलाया.”

बाई खूश झाल्या. “हम तो पिछली गाडी भी आजच के दिन लिये थे. भीड नहीं रहती. ये लोग आराम से सब समझाते हैं.”

ते अगदी खरं निघालं. एरवी घाईघाईने किल्ली हातात देणारा माणूस त्या दिवशी माझ्याबरोबर तास-दीड तास बसला. जाड पिनच्या सॉकेटवर गाडी कशी चार्ज करायची, उन्हात एसी लावला की पल्ला किती झपाट्याने घटतो, हे त्याने खोटं न बोलता सांगितलं. पडद्याचं विचारलं तेव्हा मी नको म्हणाले. तो हिरमुसला. “निदान नारळ तरी फोडू द्या मॅडम.” नारळ पप्पांनी डाव्या हाताने फोडला, चौथ्या प्रयत्नात. टाळ्या वाजवल्या त्या फक्त बांगड्यांच्या बाईंनी, आणि त्यांचा मला अजिबात संकोच वाटला नाही.

हरलेली आई दुप्पट कामाला लागते. घरी आल्यावर तिने चारही चाकांखाली लिंबं ठेवली, पुढच्या काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, मागे काळी बाहुली बांधली, आणि मग चार्जरच्या डब्यालाही कुंकू लावलं. “करंटला नको लावू,” पप्पा म्हणाले. “बंद आहे,” आई म्हणाली, आणि बोटाने आणखी एक टिळा लावला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मी निघाले. मागच्या सीटवर सांजोऱ्यांचा डबा आणि आंब्यांची पेटी. मुराळ्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं, एवढं आईलाही माहीत होतं. पाळधी, एरंडोल, पारोळा. हा रस्ता मी जन्मभर खिडकीतून पाहिला होता. चालवताना तो जरा अरुंद वाटत होता. ट्रक शेजारून गेले की गाडी हलायची आणि मी जोरात इंग्रजीत काहीतरी पुटपुटायची. पारोळ्याच्या पुढे वारा भट्टीसारखा झाला. एसी वाढवला, तर पल्ल्याचा आकडा बघता बघता उतरायला लागला. एसी बंद केला, तर मी उतरायला लागले. मग थोडा वेळ एसी आणि थोडा वेळ घाम, असं करत मी धुळ्याच्या देवपुरात अक्काच्या दारी पोचले. परतीपुरतं चार्जिंग होतं, पण फक्त घामाच्या बाजूने मोजलं तर.

ओट्यावर नाना बसले होते, आणि शेजारचे दोन म्हातारे. त्यांना बोलावून बसवलं असणार. नानांनी मला ओळख दाखवली नाही.

“कोन गावना पाहुणा?” त्यांनी विचारलं.

हा खेळ मला माहीत होता. मुराळ्याला विचारायचं असतं, आणि त्याने सरळ शब्दांत सांगायचं असतं. आबांनाही दरवर्षी विचारत.

“जळगावहून आले,” मी म्हणाले.

“काय काम काढं?”

तिघेही माझ्याकडे बघत होते. समोरच्या घराची खिडकी उघडली होती. आत दाराआड अक्काची साडी दिसत होती; ती ऐकत उभी होती. ‘अक्काला घ्यायला आले’ हे मी एरंडोलपासून अहिराणीत जुळवत आले होते.

“अक्काले लेवाले उनू,” मी म्हणाले.

फार मोठ्याने म्हणाले असावे. शेजारच्या म्हाताऱ्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. “चांगला मुराळी शे,” तो नानांना म्हणाला. “बसाड त्याले.”

आत गेले तर कुठेच बॅग नव्हती. अक्का नेहमीच्या घरातल्या साडीत होती. तिने मला पाणी दिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चुलीशी जावं तशी घाईने गॅसकडे गेली. मी तिला चल म्हणू शकत होते, पण गळ घालणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणाले, “नाना, गाडी चार्ज करावी लागेल.”

“गावात मशीन शे ना, हायवेवर?”

“आहे. मी जाऊन—”

“घरी आलेला मुराळी बाहेर जेवत नाही,” नाना एकदम शुद्ध मराठीत म्हणाले आणि उठले. बेडरूमच्या एसीचा प्लग काढला, खिडकीच्या जाळीतून माझ्या गाडीची वायर आत घेतली, आणि तिथे लावली. डॅशबोर्डवर वेळ आली. अंधार पडेपर्यंतची होती.

“एवढा येय?” वेळ ऐकून नानांनी विचारलं. “आबांच्या बैलगाडीला पण एवढाच लागला होता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ते गाडीबैल घेऊन आले होते. बैल वैरण खाऊन बसले ते उठेचनात. मुराळी मुक्कामाला. मग पुढे आबा एसटीने यायला लागले, आणि आल्या पावली परत जायला लागले.”

त्या दुपारी कोणालाच कुठे जाता येणार नव्हतं. आम्ही जेवलो. बेडरूमच्या एसीची वीज माझी गाडी पीत होती, म्हणून सगळे समोरच्या खोलीत कूलरपुढे आडवे झालो. नाना घोरायला लागले. मग अक्का माझ्या शेजारी येऊन बसली, छताकडे बघत बोलायला लागली. मी उत्तर देत नव्हते. त्यामुळे तिला बोलायला सोपं गेलं असावं.

ती म्हणाली की माझा बाप गेला हे मला माहीत आहे. मी तिथे होते, मी पाहिलंय. पण इथे धुळ्यात बसलं की ते अजून तिथे दारातल्या खुर्चीवर बसलेले असतात. आखाजीला मी तिथे गेले, घागर पाहिली, की उठतील ते खुर्चीवरून. आणि गल्लीच्या तोंडापासून मला रडत जावं लागेल. बायका वाट बघत असतील; पहिल्या सणाला लेक रडत आली नाही, तर बोलतील. मला तसं रडता येत नाही पोरी, सांगितल्या वेळी.

मलाही सांगितल्या वेळी काहीच करता येत नाही.

“अक्का,” मी म्हणाले, “गाडीच्या काचा बंद असतात. गेटमधून थेट आत नेता येते. गल्लीत उतरावं लागत नाही.”

मग ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि कपाटाचं दार करकरलं.

ऊन उतरल्यावर जांभळी साडी नेसून ती बाहेर आली. हातात बॅग. चार्जिंग अजून पूर्ण झालं नव्हतं. “बास व्हयनं तेवढं,” म्हणत तिने एसीचा प्लग जागेवर लावायला नानांना सांगितलं. म्हाताऱ्यांनी ओट्यावरून हात हलवले. नाना म्हणाले, “सोडायला पण हाच मुराळी पाठवा. बोलणं कमी शे, घर शांत ऱ्हास.”

रस्त्यात अक्का गाडीवर खूश होती. एसी पायाशी येतो म्हणून, धूर नाही म्हणून, मी ट्रकला रस्ता देते म्हणून. पारोळ्याला तिने आईस्क्रीम खाल्लं. एरंडोलच्या पुढे तिचं बोलणं कमी होत गेलं. बांभोरीला गिरणेचा पूल लागला तेव्हा ती म्हणाली, “जराशी हळू.”

मी गाडी कडेला घेऊन हळू केली. खाली नदीत पाणी नव्हतं, वाळू होती. अक्का रडायला लागली. गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून मी रेडिओकडे हात नेला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली.

मग मी नुसती चालवत राहिले. पूल संपला, कारखाने गेले, जळगावचे दिवे सुरू झाले. कोणी टाळ्या वाजवायला नव्हतं, कोणी बघायला नव्हतं. ती बापासाठी हवं तेवढं रडली, हवं तसं, आणि मधेच थांबून नाक पुसून म्हणाली, “सिग्नल शे, देख.” मी पाहिला होता.

आमच्या गल्लीत तीन-चार बायका खरंच दारात उभ्या होत्या. मी काचा बंद ठेवून गाडी गेटातून थेट आत घेतली. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयार होती. तिने अक्कावरून ओवाळून तुकडा टाकला. पप्पा पायरीवर उभे होते. दोन्ही हात पुढे करायचे की एक, हे त्यांना कळत नव्हतं. खांदा दुखत होता. अक्काने त्यांचा चांगला हात धरला आणि पायऱ्या चढली. दारातली खुर्ची रिकामी होती. तिने तिच्याकडे पाहिलं, खुर्चीच्या पाठीवर तळहात टेकवून क्षणभर उभी राहिली, आणि आत गेली.

“घागर कोठे ठेयेल शे?” आतून तिचा आवाज आला. मग लगेच, चढ्या सुरात, “आनि हाई डांगर कोनी आनं? हाई ते कच्चं शे. भाऊ, बजारमा जाय. आबाले असं चालत नई.”

पप्पा चप्पल शोधायला लागले. मी किल्ली घेऊन परत गाडीकडे गेले.